कार्पेट धुतलं, पण वाळतच नाही? पाणी नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

इंदूरला मी कार्पेट आणि सोफे धुवायचं काम करतो. श्रावण संपत आला की दरवर्षी तेच फोन सुरू होतात. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठूनही असो, बोलणं एकच, "दादा, परवा धुतलं हो, अजून खालून ओलंच लागतंय आणि आता वास पण यायला लागलाय." मग मी विचारतो, खिडक्या? "बंद आहेत, धूळ येते ना." पंखा? "फुल." कूलर? "तो पण लावलाय की!" इथेच सगळं चुकलेलं असतं.

आधी किती वेळ लागायला हवा ते बघू. मशीनने नीट पाणी ओढलं असेल तर कार्पेट ६ ते १२ तासांत वाळतं, जाड लोकरीचं असेल तर थोडं जास्त धरा. २४ तासांनंतरही हाताला ओल लागत असेल तर कुठल्या तरी टप्प्यावर चूक झालीय. २४ ते ४८ तासांच्या पुढे ओल राहिली तर बुरशी धरायला लागते, आणि तो वास मग शॅम्पूने जात नाही.

वाळायला किती वेळ लागणार हे पंखा लावायच्या खूप आधी ठरतं. कार्पेटमध्ये पाणी किती राहू दिलं आणि खोलीतली दमट हवा बाहेर जाते का, बहुतेक या दोनच गोष्टींवर. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## टप्पा १: पाणी टाकायच्या आधी कार्पेट उलटं करून बघा

हे कोणीच करत नाही. वरून सगळी कार्पेट सारखी दिसतात, वाळायची रीत मात्र पाठ बघून कळते.

पाठीवर पुढचंच डिझाइन गाठींमध्ये स्पष्ट दिसत असेल तर तो हाताने गाठी मारलेला गालिचा. याला दोन्हीकडून हवा लागते, खालून उचलून ठेवला की बऱ्यापैकी लवकर वाळतो. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल आणि त्याखाली रबरासारखं काही लागत असेल तर ते टफ्टेड, मधे लेटेक्सचा थर असतो. आजकाल घरोघरी हेच जास्त दिसतं. यात पाणी वरून आत शिरतं पण लेटेक्समुळे पाठीकडून बाहेर पडायला वाटच मिळत नाही, सगळं पाणी वरच्या लवीतूनच (वरच्या उभ्या धाग्यांतूनच) उडायला हवं. त्यामुळे याला भिजवून धुवायचं नाही. बरेच दिवस ओलं राहिलं तर लेटेक्स सुटतो, पाठीला फुगे येतात आणि एक रबरी कुबट वास बसतो तो बसतोच.

पाठ तागाची असेल, म्हणजे गोणपाटासारखी, तर आणखी सांभाळा. ताग पाणी पितो आणि हळू वाळला तर त्यातला तपकिरी रंग वर चढून लवीच्या टोकांवर येतो. लोकांना वाटतं मळ राहिला, म्हणून परत धुतात, परत भिजतं, डाग आणखी वाढतो.

आता धागा. कडेचा एक धागा उपटून चिमट्यात धरा आणि काडीने जाळा (बेसिनवर, कार्पेटपासून लांब). केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. कागदासारखा भुरकन जळाला तर कॉटन किंवा व्हिस्कोस.

लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात धरते आणि तरी हाताला ओली वाटत नाही, म्हणूनच "वरून तर सुकलं होतं" ही तक्रार लोकरीच्या बाबतीतच जास्त येते. पॉलीप्रॉपिलीनचा, म्हणजे सिंथेटिक, धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, तिथे पाणी अडकतं ते धाग्यांच्या मधे आणि पाठीत.

सावध: चकचकीत, रेशमासारखं दिसणारं, "आर्ट सिल्क" किंवा "बांबू सिल्क" म्हणून विकलेलं कार्पेट बहुतेक व्हिस्कोसचं असतं. ओलं झाल्यावर त्याचा धागा कमजोर पडतो, वाळताना पिवळट आणि राठ होतो. हे घरी धुवूच नका.

तपासणी: पांढरा कपडा ओला करून एका कोपऱ्यावर ५ मिनिटं दाबून ठेवा. कपड्याला रंग लागला तर इथेच थांबा.

## टप्पा २: दिवस निवडा, सण नाही

हे मला अगदी कळकळीने सांगायचंय, कारण सगळ्यात जास्त कार्पेट इथेच खराब होतात. महालक्ष्म्या बसायच्या आधी घर चकाचक पाहिजे हे मान्य, पण तेव्हा इंदूरच्या हवेत दमटपणा सहज ८० टक्क्यांच्या वर असतो. अशा हवेत पाणी जाणार कुठे?

एक ढोबळ हिशोब करून बघा. १२ बाय १२ ची खोली, १० फूट उंच, म्हणजे साधारण ४० घनमीटर हवा. ऑगस्टमध्ये २८ डिग्री आणि ८० टक्के दमटपणा असताना त्या पूर्ण खोलीतली हवा आणखी फक्त २०० ते २२५ ग्रॅम पाणी घेऊ शकते. एक पेला! तेवढं घेतलं की हवा पूर्ण भरली, मग पंखा रात्रभर फिरवा, तो तीच ओली हवा गोल गोल फिरवत राहणार. त्याच खोलीत मे महिन्यात, ४० डिग्री आणि २० टक्के दमटपणाला, हवेत दीड लिटरच्या वर जागा असते. आणि कार्पेटमध्ये राहिलेलं असतं ४-५ लिटर. म्हणजे पावसाळ्यात खोलीची हवा कमीत कमी वीस वेळा पूर्ण बदलली तर कुठे काम होईल.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. मोठी धुलाई रंगपंचमी झाल्यावर करा, तसाही गेरचा (रंगपंचमीच्या मिरवणुकीचा) रंग पायांनी घरात आलेलाच असतो आणि मार्चची हवा कोरडी असते, किंवा मग दिवाळीच्या आधी पाऊस पूर्ण गेल्यावर. गणपती-महालक्ष्म्यांना नुसतं कोरडं वॅक्यूम आणि डागापुरता ओला कपडा, बास.

वेळेचंही तसंच. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून लोक पाणी येईल तेव्हा धुवायला बसतात, मग संध्याकाळ का असेना. असं नका करू, पाणी भरून ठेवा आणि सकाळी ८-९ ला सुरुवात करा म्हणजे वाळवायला पूर्ण दिवस हाताशी राहील. हिवाळ्यात तर हे फारच महत्त्वाचं, दुपारचं ऊन छान असतं पण सूर्य मावळला की गारठा पडतो आणि गच्चीवर टाकलेलं कार्पेट दवाने परत ओलं होतं. बोअरिंगचं जड पाणी वापरत असाल तर निदान शेवटचं पाणी तरी नर्मदेचं घ्या, क्षार कमी राहतील आणि लव राठ होणार नाही.

## टप्पा ३: कोरडी धूळ आधी काढा

दोन्ही बाजूंनी वॅक्यूम करा. आधी पाठीवरून, मग उलटं केलेलं उचलून खाली पडलेली माती झाडा, मग वरून. इंदूरची काळी माती पाण्यात मिसळली की चिकट चिखल होतो, तो लवीच्या मुळाशी बसतो, पाणी धरून ठेवतो आणि मशीनलाही ओढता येत नाही. १५ मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

## टप्पा ४: पाणी आणि शॅम्पू मोजून

बादलीत मोजून पाणी घ्या आणि किती वापरलं ते लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात हा आकडा लागणार आहे.

शॅम्पू बाटलीवर लिहिलाय तेवढाच. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं काही नसतं, उलट फेस काढायला दुप्पट पाणी घालावं लागतं आणि तरी उरलेला शॅम्पू धाग्याला चिकटून राहतो. मग कार्पेट सुकलं तरी हाताला दमट, चिकचिकीत लागतं आणि महिनाभरात आधीपेक्षा जास्त मळतं. बऱ्याच वेळा लोक "वाळलं नाही" म्हणून बोलावतात आणि मी जाऊन बघतो तर ओल नसतेच, शॅम्पू राहिलेला असतो. कपडे धुवायची पावडर तर लोकरीला लावूच नका.

ब्रश लवीच्या दिशेने, हलक्या हाताने. डाग निघत नाही म्हणून एकाच जागी पाणी ओतत राहणं ही मोठी चूक, ती एक जागा बाकी कार्पेटच्या कितीतरी नंतर वाळते आणि खालचा मळ पाण्याबरोबर वर येऊन डाग परत उमटतो.

ताग किंवा कॉटनची पाठ असेल तर शेवटच्या पाण्यात एका बादलीला अर्धी वाटी सफेद व्हिनेगर टाका (आधी कोपऱ्यावर बघून), शॅम्पूचा अल्कलीपणा मरतो आणि तपकिरी डाग यायची शक्यता कमी होते.

## टप्पा ५: पाणी ओढणं, खरं काम इथे आहे

बाकी सगळं घाईत केलंत तरी चालेल, हे नाही. मशीनने दोन मिनिटांत जेवढं पाणी निघतं तेवढं हवेत उडायला काही तास लागतात.

वेट-ड्राय वॅक्यूम (पाणीही ओढणारा) असेल तर आधी आतली कागदी किंवा कापडी पिशवी काढा आणि फोमचा फिल्टर चढवा. मग नोझल पूर्ण टेकवून हळू ओढा, एक फूट जायला दोन-तीन सेकंद तरी लागली पाहिजेत. झाडू मारल्यासारखं भराभर फिरवलं तर मशीन नुसती हवा ओढतं. एक वेळ पाणी मारलं तर कमीत कमी दोन-तीन वेळा कोरडं ओढायचं, एकदा उभं एकदा आडवं, आणि तोवर थांबायचं नाही जोवर पारदर्शक नोझलमधून थेंब दिसायचे बंद होत नाहीत.

मशीनचा आवाज अचानक बारीक, चढा झाला तर टाकी भरलीय किंवा फेसाने फ्लोट (टाकी भरली की ओढ बंद करणारा तरंगता गोळा) वर चढलाय, तेव्हा ओढणं बंद झालेलं असतं पण मोटर चालूच राहते म्हणून लक्षात येत नाही. एका घरी माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाने अर्धा हॉल असाच "ओढला" होता, टाकी भरलेली. तिसऱ्या दिवशी त्या काकूंचा फोन आला, मी परत जाऊन सगळं पुन्हा केलं, पण कोपऱ्यातला लेटेक्स सुटला तो सुटलाच. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी टाकी उघडून बघायची हा नियम.

मशीन नसेल आणि गालिचा अंगणात किंवा गच्चीवर धुताय, तर फरशी पुसायचा साधा वायपर घ्या, रबर चांगलं असलेला. लवीवरून हात फिरवून बघा, ज्या दिशेला मऊ लागतं त्या दिशेने दाबून दाबून वायपर ओढा. पाणी धारेने निघतं. पंधरा-वीस वेळा करा, मग एका बाजूला खाली विटा लावून उतार द्या, अर्धा तास निथळू द्या आणि परत वायपर. शेवटी जुने टॉवेल पसरून त्यावर पायांनी दाबा. दाबायचं, घासायचं नाही. पिळायचं तर मुळीच नाही, पाठ मोडते.

तपासणी: टाकीत परत आलेलं पाणी बादलीने मोजा. २५ लिटर मारलं आणि २० परत आलं तर ठीक. १५ च आलं तर १० लिटर अजून कार्पेटमध्ये बसलंय, त्याला हवेने वाळवायचं स्वप्न बघू नका, परत ओढायला लागा. माझा हिशोब असा की निदान पाऊण पाणी परत आलं पाहिजे.

बाहेरून माणूस बोलावला असेल तरी ही टाकी डोळ्यांनी बघा आणि विचारा, "कोरडे हात किती मारणार?" (म्हणजे पाणी न मारता नुसतं किती वेळा ओढणार.) दोन मजले खाली गाडीत मशीन ठेवून लांबलचक पाईप वर आणला असेल तर ओढण्याचा जोर कमी होतो, तिथे जास्त हात मारायला सांगा.

## टप्पा ६: जमिनीपासून उचला

व्हिट्रिफाइड टाइल किंवा घोटलेला कोटा, दोन्ही पाणी पीत नाहीत. ओलं कार्पेट त्यावर पसरून ठेवलं तर खालचं पाणी तसंच दाबून राहतं, वरून चार तासांत सुकतं आणि खालून चार दिवस ओलं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही.

प्लास्टिकच्या चार-सहा खुर्च्या उलट-सुलट ठेवून त्यावर पसरा, नाहीतर निवारीची खाट, तिच्यातून खालूनही हवा लागते. गच्चीच्या कठड्यावर टाकायचं तर कठडा रुंद पाहिजे आणि आधी कोरडा कपडा अंथरा, नाहीतर गंजलेल्या सळीचा डाग पडतो. एका दोरीवर टांगू नका, ओल्या लोकरीचं वजन खूप असतं, मधे घडी पडते आणि कडा लोंबून वाकड्या होतात. कडक उन्हात पाठ वर, रंग खाली.

मोठं कार्पेट आहे, उचलताच येत नाही? मग निदान कडा दुमडून खाली विटा किंवा उलटे डबे ठेवा आणि दर दोन तासांनी बाजू बदला.

सावध: सोफा-टेबल परत ठेवायची घाई नको. ओल्या कार्पेटवर लाकडी पायाचा पॉलिश उतरतो, लोखंडी पायाचा गंज उतरतो, आणि दोन्ही डाग जायला फार कठीण. ठेवावंच लागलं तर प्रत्येक पायाखाली ॲल्युमिनियम फॉइलची घडी ठेवा.

## टप्पा ७: हवा फिरवा आणि बाहेर काढा

आता कूलर. आपल्याकडे प्रत्येक घरात आहे आणि प्रत्येक जण तो लावतो. कूलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच, म्हणजे कार्पेट वाळवायला तुम्ही खोलीत आणखी पाणी सोडताय. पण तोच कूलर पंप बंद करून, टाकी रिकामी करून, गवताच्या जाळ्या काढून लावला तर घरातला सगळ्यात दमदार पंखा तोच. तारांना हात लावायच्या आधी प्लग काढा.

पंखा कार्पेटवर वरून मारू नका, जमिनीलगत तिरका ठेवा, हवा लवीवरून सरपटत गेली पाहिजे आणि समोरच्या खिडकीतून बाहेर पडली पाहिजे. उंचावरून फक्त सीलिंग फॅन असेल तर एक टेबल फॅन खिडकीत बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवा, तो दमट हवा बाहेर फेकेल. स्वयंपाकघरातला एक्झॉस्टही चालू ठेवा.

खिडक्या उघड्या की बंद? एसी नसेल तर उघड्या, धूळ आली तरी चालेल, ती नंतर वॅक्यूमने जाईल. एसी असेल तर खिडक्या-दारं पूर्ण बंद आणि एसी ड्राय मोडवर किंवा २५-२६ डिग्रीवर, सोबत पंखा. एसी हवेतलं पाणी खरोखर बाहेर काढतो, बाहेरच्या पाईपखाली बादली ठेवा, पाणी जमताना दिसेल. एसी चालू आणि खिडकी अर्धी उघडी हा सगळ्यात वाईट प्रकार, बाहेरची ओल आत येत राहते आणि एसी तिच्याशीच झगडत बसतो.

रूम हीटर लावून दार बंद करू नका. उष्णतेने कार्पेटमधलं पाणी हवेत येतं खरं, पण हवा बाहेर गेली नाही तर तेच भिंतीवर आणि कपाटाच्या मागे जाऊन बसतं, आणि आगीची भीती वेगळीच.

सावध: एक्स्टेंशन बोर्ड ओल्या कार्पेटवर कधीही ठेवू नका, खुर्चीवर उचलून ठेवा. लहान मुलं घरात असतील तर त्या खोलीत जाऊच देऊ नका.

## टप्पा ८: वाळलं की नाही, तळहाताने नाही, असं बघा

तळहात फसवतो. पालथा हात टेकवा, जिथे बाकी जागेपेक्षा गार लागतं तिथे अजून पाणी उडतंय. मग टिश्यू पेपरची चार पदरी घडी त्या जागी ठेवा, त्यावर अर्धा मिनिट पूर्ण वजनाने उभे राहा. टिश्यू ओला झाला तर आत पाणी आहे. मधला भाग, कडांची शिलाई आणि झालरीची मुळं, हे तीन ठिकाणं सगळ्यात शेवटी वाळतात, तिथेच बघा.

लहान गालिचा असेल तर आणखी पक्की पद्धत आहे. धुवायच्या आधी तो हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, आकडा लिहून ठेवा, नंतर परत तसंच करा. आकडा मूळ जागी आला की वाळलं. लोकरीसाठी मला तरी यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही.

पाठ उलटवून बघितल्याशिवाय अंथरू नका आणि गुंडाळून तर अजिबात ठेवू नका. गुंडाळलेल्या कार्पेटमध्ये उरलेली थोडीशी ओलसुद्धा आठवड्याभरात बुरशी करते.

## २४ तास झाले आणि अजून ओलं आहे तर

घाबरू नका पण थांबूही नका. पंखे वाढवण्याआधी परत वॅक्यूम लावा, बहुतेक वेळा अजून पाणी निघतं. मग उचला, गाठींचा गालिचा असेल तर पाठ वर करा, एसीच्या खोलीत न्या. त्यावर खायचा सोडा टाकू नका, ओल्यात त्याचा चिखल होऊन लवीत बसतो. अत्तर किंवा फ्रेशनर मारून वास झाकू नका, वास गेला असं वाटून तुम्ही दोन दिवस आणखी घालवाल.

पाठीवर काळे-हिरवे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. घरात झाडू नका, कण उडतात, तोंडाला मास्क लावून आधी उन्हात बाहेर न्या. घरात दम्याचं कोणी असेल तर हे काम त्यांच्या हाती देऊ नका. टफ्टेड कार्पेटचा लेटेक्स सुटून पावडर पडत असेल तर त्यावर आणखी धुलाईचे पैसे घालू नका, ते कार्पेट गेलं. गाठींचा गालिचा मात्र पाठ शाबूत असेल तर बऱ्याचदा वाचतो, तो टाकून द्यायच्या आधी एकदा जाणकाराला दाखवा.